बोंडअळी जगली, गिधाड गेलं

२०१७ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या वेचणीच्या आधी, माझ्या थोरल्या चुलतभावानं बांधावर बसून माझ्यासमोर एकेक बोंड चिरायला घेतलं. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, कुठं छिद्र नाही. विळ्याचं टोक घालून उकललं की आत कापसाऐवजी पिवळट-तपकिरी लगदा, एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या आणि त्यांच्या पोटात आरामात पहुडलेली नखाएवढी गुलाबी अळी. वीसेक बोंडं चिरली. चांगली निघालेली एका हाताच्या बोटांवर मोजता आली. दादानं विळा मातीत खुपसला आणि म्हणाला, "बीटीची सवय लागली रे आळीला. आता काही केलं तरी तिला काहीच होईना गेलंय."

बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेला, अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ‘सवय’ हा शब्द इथं बरोबर नाही हे मला कळत होतं. पण उभं पीक हातचं गेलेल्या माणसाचे शब्द दुरुस्त करण्यात कसलं शहाणपण? गप्प बसलो.

दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, आमच्या गावापासून दोन तासांवर, तेव्हाच्या औरंगाबादेत, वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी सांगून टाकलं की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात तो बदलायला हवा. कारण काय, तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहिलेलं नाही की सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून विरोध केला, त्यांच्याच खात्याच्या मोठ्या मंत्र्यांनी त्यांना आवरतं घ्यायला सांगितलं आणि प्रकरण मिटलं. सिंह पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही म्हणजे गुन्हा घडलाच नाही, असं त्यांच्या हाताखालच्या एखाद्या फौजदारानं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला काय सुनावलं असतं, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

‘कुणी पाहिलं?’ याचं उत्तर खरं तर आमच्या बांधावर विळ्याच्या टोकाला होतं. पण या विषयावर दुसऱ्या बाजूनं बोलणारे सगळेच इतके सोपे नाहीत. अमेरिकेत ‘इंटेलिजंट डिझाइन’ नावाचा एक पंथ आहे. आपल्याकडे त्याला कुणी बुद्धिमान रचना म्हणतं, कुणी अभिकल्प. त्यांचा युक्तिवाद मी जमेल तसा वाचत आलोय, आणि एक कबुली आधीच देतो: त्यांना अडाणी म्हणून झटकून टाकता येत नाही.

त्यांचं मूळ जुनं आहे. १८०२ मध्ये विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकानं घड्याळाचा दाखला दिला होता. माळावर घड्याळ सापडलं तर ते आपोआप झालं असं तुम्ही म्हणाल का? मग डोळा आपोआप कसा झाला? या दाखल्याला नवे कपडे चढले ते १९९० च्या दशकात. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांत बायबलमधली सृष्टी विज्ञान म्हणून शिकवायची सक्ती करणारा कायदा रद्द केला होता. त्यानंतर देवाचं नाव न घेता ‘रचनाकार’ म्हणायची पद्धत पडली. १९९६ मध्ये मायकेल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञानं मुद्दा मांडला की पेशीतली काही यंत्रं अशी आहेत की त्यांचा एक भाग काढला तर सगळं ठप्प होतं. मग ती टप्प्याटप्प्यानं घडली कशी? उदाहरण म्हणून त्यांनी जिवाणूच्या पोहायच्या शेपटीकडे आणि साध्या उंदराच्या सापळ्याकडे बोट दाखवलं. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेवरून खटला झाला. तिथं उलटतपासणीत बीहींना मान्य करावं लागलं की विज्ञानाच्या त्यांच्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला: हे विज्ञान नाही, शाळेत शिकवता येणार नाही. (फलज्योतिषावर हसण्याआधी आपण जरा जपून. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानं २००१ मध्ये ‘ज्योतिर्विज्ञान’ विद्यापीठांत आणलं आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला.)

या पंथातले बरेच जण पृथ्वीचं वय अब्जावधी वर्षं मानतात. खुद्द बीही माणूस आणि माकड यांचा पूर्वज एक आहे हेही मान्य करतात. त्यामुळे आमची किडकी बोंडं त्यांच्यापुढे ठेवली तर ते मुळीच दचकणार नाहीत. ते म्हणतील, बदल झाला, निवड झाली, सगळं मान्य. पण अळीची अळीच राहिली ना? आणि बदल तरी कसला झाला? बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, तेव्हा अळी मरते. आपल्याकडच्या चिवट अळ्यांमध्ये त्या प्रथिनाचं जनुकच मोडलेलं सापडलं. चोराची किल्ली चालू नये म्हणून घरमालकानं स्वतःचंच कुलूप फोडून ठेवावं, तसा प्रकार. बीहींनी २०१९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा गाभा हाच आहे: निसर्ग मोडतोड करून वेळ मारून नेतो, नवं काही घडवत नाही. ‘लायक टिकतो हे कळलं, पण तो लायक आला कुठून?’ हा त्यांचा आवडता प्रश्न.

प्रश्न चांगला आहे. पहिली पेशी कशी झाली याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही, हेही कबूल करावं. पण ‘फक्त मोडतोड’ हे काही खरं नाही. उत्तर आणि दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ पाण्यात राहणाऱ्या माशांच्या रक्तात ते गोठू न देणारं प्रथिन असतं. दक्षिणेच्या माशांत ते पचनाच्या एका जुन्या जनुकातून घडलं. उत्तरेच्या कॉड माशात ते ज्या डीएनएला काही कामच नव्हतं त्यातून आलं. दोन टोकांना, दोन वेगळ्या भंगारातून, जवळजवळ तीच वस्तू. भंगारवाल्याच्या दुकानातून पंप उभा करणारा आमच्या बाजारपेठेतला मेकॅनिक असाच काम करतो.

तरीही माझं या मंडळींशी खरं भांडण ‘आलं कुठून’ यावर नाही. ते आहे ‘गेलं कुठं’ यावर.

मराठीत नामशेष हा शब्द फार सुंदर आहे. ज्याचं नावच काय ते शेष राहिलं, तो. पण पृथ्वीवर आजवर झालेल्या प्रजातींपैकी नव्याण्णव टक्क्यांहून जास्त गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांचं नावही शेष नाही. नाव ठेवायला तेव्हा कुणी नव्हतंच. आज जे आहे ते शिल्लक आहे, शेताच्या कडेला राहून गेलेल्या चार ताटांसारखं. रचनाकाराची गोष्ट सांगणारे त्या चार ताटांकडे बोट दाखवून म्हणतात, बघा किती नेटकी. कापून नेलेल्या शेताबद्दल त्यांच्या लिखाणात मला फार थोडं सापडलं.

जे सापडलं त्यात मुख्यतः तीन सूर आहेत. पहिला: रचना आहे एवढंच आम्ही सांगतो, रचनाकाराचा हेतू काय हा आमचा विषय नाही. हे सोयीचं आहे. डोळा दिसला की ‘हेतू’ आणि कवटी दिसली की ‘आमचा विषय नाही’. दुसरा सूर जरा बरा: माणसानं बनवलेल्या वस्तूही बाद होतात, जुनी मॉडेलं बंद पडतात, म्हणून त्या बनवलेल्या नव्हत्या असं होतं का?

या दुसऱ्या मुद्द्यावर थांबू, कारण तो ऐकायला पटतो. माझ्या वडिलांकडे एम-एटी ही दुचाकी होती. खतांची पोती, घागरी, आम्ही तिघं भावंडं, सगळं तिच्यावर. ती बंद झाली. पण पुढं काय झालं बघा. बटणानं गाडी सुरू करायची सोय निघाली आणि काही वर्षांत ती प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक जातीच्या गाडीत दिसू लागली. चांगली कल्पना एका मॉडेलमधून दुसऱ्यात उडी मारून जाते, कारण कागदावर आखणारा माणूस शेजारच्याचं बघून उचलतो. प्राण्यांत तसं होत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात मज्जातंतू मागच्या बाजूनं निघतात, त्यामुळे त्याला आंधळा ठिपका नाही. आपल्याला आहे. बेडकाला आहे, गाईला आहे, घारीलाही आहे. कणा असलेल्या एकाही प्राण्याला ऑक्टोपसची सोय मिळालेली नाही. पाखरांच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेनं वाहते, आपल्यापेक्षा सरस व्यवस्था. ती वटवाघळाला मिळाली नाही, उडत असूनही. खानदानात जे होतं तेवढंच वाट्याला आलं, वाटणीपत्रात असतं तसं. आणि एखादं खानदान बुडालं तर त्याच्याकडचं कसब त्याच्याबरोबर गेलं. गाड्यांचा इतिहास असा दिसत नाही. वंशावळ अशी दिसते.

तिसरा सूर सगळ्यात धीट आहे, आणि त्याचा आमच्या कापसाशी नकळत जुना संबंध आहे. जॉन सॅनफर्ड हे कॉर्नेल विद्यापीठातले पीकशास्त्रज्ञ. १९८० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘जीन गन’ बनवली: धातूच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवायचा आणि ते कण पेशीत गोळीसारखे मारायचे. सुरुवातीचा नेम त्यांनी कांद्याच्या पापुद्र्यावर धरला होता. पुढे दोन जनुकांच्या बीटी कापसातलं दुसरं जनुक याच पद्धतीनं रोपात घातलं गेलं. म्हणजे २००६ पासून आम्ही जी सरकी लावतो तिच्या जन्मात या माणसाच्या कल्पनेचा हात आहे. हेच सॅनफर्ड पुढे उत्क्रांतीचे विरोधक झाले. पृथ्वी काही हजार वर्षांचीच, असं मानणाऱ्यांपैकी ते आहेत. २००५ मध्ये त्यांनी मांडलं की प्रत्येक पिढीत जनुकांत बारीकसारीक चुका साठत जातात, निवड त्या सगळ्या वेचून काढू शकत नाही, म्हणून प्रत्येक प्रजाती हळूहळू कुजत नाशाकडे चालली आहे. नामशेष होणं हा अपघात नाही, तो घसरणीचा शेवटचा टप्पा. सुरुवातीला सगळं परिपूर्ण होतं.

ऐकताना कलियुगाची आठवण होते. कृतयुगात सगळं उत्तम, मग उतरती कळा. आपल्या मनाला हे पटकन पटतं, म्हणून जरा सावध राहावं.

हे सगळं वाचत होतो त्याच सुमारास दादानं मला असा प्रश्न विचारला की माझी बोलती बंद झाली. बोंडअळीच्या वर्षानंतरच्या पोळ्याला बैलांच्या खांदेमळणीला मी गावी होतो. तेव्हा मात्र मी त्याला समजावून सांगितलं की अळीला सवय लागत नाही. एकाच अळीनं विष खाऊन खाऊन पचवायला शिकावं, असं होत नाही. लाखो अळ्यांत दोन-चार आधीपासून वेगळ्या असतात. विषानं बाकीच्या मेल्या, त्या दोन-चार राहिल्या, आणि पुढची सगळी पिलावळ त्यांचीच. दादा बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत ऐकत होता. मग म्हणाला, "बरं. मग गिधाडाला कामून नाही राहिलं कुणी?"

आमच्या गावच्या ओढ्यापलीकडे मेलेली जनावरं टाकायची जागा होती. लहानपणी तिथं गिधाडं इतकी बसायची की कडुलिंबाची फांदी वाकायची. जनावर टाकलं की दुपारपर्यंत सांगाडा उरायचा. मग ती दिसेनाशी झाली. दादाला वाटायचं की मोबाईलच्या टॉवरमुळे गेली. खरं कारण २००४ मध्ये जगापुढे आलं: डायक्लोफिनॅक. दुखण्यावरचं स्वस्त औषध, जनावरांच्या डॉक्टरांच्या पिशवीत हमखास असणारं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखादं उरावं इतकी संपली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर लिंबाची फांदी सरळ झाली होती.

एकाच गावात, साधारण एकाच काळात, दोन विषं आली. एक अळीला मारण्यासाठीच बनवलेलं, प्रयोगशाळेत जनुक निवडून, नेम धरून. दुसरं कुणालाही मारण्यासाठी नव्हतंच. नेम धरलेली अळी पंधरा वर्षांत विषाला पुरून उरली आणि ज्याच्यावर कुणी नेम धरला नव्हता ते गिधाड गेलं. कोणताही सिद्धांत सांगा, पण या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं समजावून सांगा, एवढंच माझं मागणं आहे.

उत्क्रांतीचं उत्तर हिशेबाचं आहे. गुलाबी बोंडअळीची मादी शंभराहून जास्त अंडी घालते, महिनाभरात पुढची पिढी तयार, एका हंगामात चार-पाच पिढ्या आणि एकरी अळ्यांची गणतीच नाही. एवढ्या गर्दीत एखादी वेगळी निघणार, आणि ती निघाली की मैदान तिचंच. गिधाडाची जोडी वर्षाला एक अंडं घालते आणि पिल्लू पाच वर्षांनी वयात येतं. विष आलं तेव्हा त्यांच्यात ते पचवणारं कुणी नसेल, तर नवं जन्मायची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. ना पाप, ना पुण्य, ना कुणाची नजर.

सॅनफर्ड यांच्या सिद्धांतात हे बरोबर उलटं व्हायला हवं होतं. चुका पिढीगणिक साठत असतील, तर ज्यांच्या पिढ्या भराभर उलटतात ते आधी संपायला हवेत: जिवाणू, माशा, अळ्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियात रिचर्ड लेन्स्की या जीवशास्त्रज्ञानं फेब्रुवारी १९८८ मध्ये जिवाणूंच्या बारा वसाहती सुरू केल्या. त्यांच्या सत्तर हजारांहून जास्त पिढ्या झाल्या, आणि आपल्या काचेच्या कुपीत ते पूर्वजांपेक्षा जास्त वेगानं वाढतात. संकटात आहेत ते हत्ती, गिधाड, माळढोक. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य राखलं, तरी पक्षी दिसणं आता नवलाचं झालंय. तोही वर्षाला एखादंच अंडं घालतो. आणि ‘कुणीतरी आखलंय’ म्हणणाऱ्याला अळी आणि गिधाड यांत फरक सांगता येतच नाही. दोन्ही घटनांना त्याचं उत्तर एकच: त्याची मर्जी. जे उत्तर दोन्हीकडे सारखंच बसतं, ते अडल्या वेळी काय कामाचं?

आपल्या पायाखाली तर ही मर्जी मैलोगणती पसरलेली आहे. मराठवाड्यात विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. आणि कधी कधी पाषाणाच्या दोन थरांत विटेसारखा लाल पट्टा. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात. तो पट्टा म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर, पुढचा येईपर्यंत, त्यावर तयार झालेली माती. पाऊस पडला, खडक कुजला, काही उगवलं असेल, आणि मग पुन्हा वरून आग आली. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास हे घडत होतं, त्याच काळात मेक्सिकोत मोठी उल्का आदळली आणि डायनोसॉर संपले. दोन्हींत जास्त दोष कुणाचा यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला याच लाव्ह्याखालच्या थरात डायनोसॉरची हाडं सापडतात. वेरूळचं कैलास लेणं ज्या खडकात वरून खाली कोरलं, तो खडक हाच.

फार मागंही जायला नको. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या जुन्या गाळात हत्तींचे, रानबैलांचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. मांजरेत पाणघोडे! आणि आम्ही टँकरची वाट बघतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला पाटणे गाव आहे. तिथं शहामृगाच्या अंड्यांची टरफलं सापडली, तीही माणसानं नक्षी कोरलेली, पंचवीसेक हजार वर्षांपूर्वीची. शहामृग गेलं, पाणघोडा गेला, नक्षी कोरणाऱ्याचे वंशज राहिले. आफ्रिकेत ते दोन्ही प्राणी अजून आहेत. रचनेत खोट होती म्हणावं तर तिकडे ती का भोवली नाही?

हे सगळं मी वर्गात सांगतो, तेव्हा एखादं पोर हमखास म्हणतं, "सर, पण दशावतारात पण तसंच आहे की. आधी मासा, मग कासव, मग डुक्कर." हे त्याच्या घरातून आलेलं असतं, आणि घरात ते भाषणांतून आलेलं. २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनीही दशावतार डार्विनपेक्षा सरस असल्याचं सांगितलं होतं. वेरूळच्या पंधराव्या लेण्याला दशावतारच म्हणतात. सहलीला मी पोरांना तिथं आवर्जून नेतो. नरसिंहाच्या शिल्पापुढे उभं राहिलं की कुणालाही गप्प व्हायला होतं. पण मत्स्यावताराची गोष्ट नीट आठवून बघा. प्रलय आला, माशानं मनूची नाव ओढली, नावेत बीजं होती, ती वाचली. ती वाचवण्याची गोष्ट आहे. कासवापासून वराह झाला असं त्यात कुठंच नाही. पुराणात नाव आहे, खडकात नाव नाही. लाल पट्ट्यावर पुन्हा काळा थर, एवढंच. गोष्टीला विज्ञानाचं प्रशस्तिपत्र द्यायला गेलं की गोष्टही बिघडते आणि विज्ञानही. नरसीच्या नामदेवांना, गंगाखेडच्या जनाबाईंना विठ्ठल भेटला तो जिवाणूच्या शेपटीत नाही. जातं ओढताना भेटला. देवाला कारखान्यातल्या नकाशा काढणाऱ्याच्या खुर्चीत बसवणं हा अमेरिकेतल्या कोर्टकचेऱ्यांतून आलेला उद्योग आहे. आपल्या भक्तीला त्याची गरज पडली होती असं मला वाटत नाही.

आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द. माकड, वाकलेलं माकड, ताठ माणूस असं रांगेतलं चित्र भिंतीवर रंगवून आपण पोरांना शिडी शिकवली. ‘उत्क्रांती’ या शब्दातला ‘उत्’ही वरच दाखवतो. आणि लायक तो टिकतो याचं मराठी आपण ‘बळी तो कान पिळी’ असं करून ठेवलं. पाणघोड्याइतका बळी कोण? त्याचा कान पिळायला मांजरेत कुणी नव्हतं. बोंडअळीइतकी दुबळी कोण? बोटानं चिरडते. शिडीची गोष्ट शिकवली की नामशेष झालेले सगळे नापास ठरतात आणि आपण पहिल्या नंबरानं पास. मग रचनाकारवाल्याची आणि आपली गोष्ट एकच होते, फक्त परीक्षकाचं नाव वेगळं. दिल्लीच्या एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, अभ्यासक्रमातून २०२३ मध्ये दहावीचा उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं, बरोबर केलं. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. पण पहिला असल्यानं जूनच्या घाईत, निम्मी पोरं बदल्या-दाखल्यांत अडकलेली असताना उरकला जातो. जून हाच सरकी लावायचा महिना आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कारण उत्क्रांतीचा धडा त्या वेळी आमच्या घराघरात पाकिटात घालून येत होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं. त्यावर साध्या अळ्या जगणार, त्यांचे पतंग होणार, आणि बीटीतून वाचलेल्या एखाद्या चिवट पतंगाची गाठ त्या साध्या गर्दीशी पडणार. पिल्लं पुन्हा मरणारी निघणार. म्हणजे थोडा कापूस अळीला मुद्दाम द्यायचा, बाकीचा वाचवण्यासाठी. किती जणांनी लावलं? आमच्या घरची पाकिटं तीन-चार वर्षं दिवळीत पडून होती. दादाला कुणी सांगितलं नव्हतं की हे कशासाठी; आणि मी, घरातला विज्ञानाचा मास्तर, मीही कधी पाकीट उलटून वाचलं नव्हतं.

तीच अळी, तेच जनुक अमेरिकेतही होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी कडेला साधा कापूस लावला, नंतर वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्या सरकारनं जाहीर केलं की कापसाच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपली. ज्या देशात शाळेत डार्विन शिकवावा की नाही यावर खटले चालतात, त्या देशाच्या कापसाच्या रानात डार्विनचा हिशेब कुणी अमान्य केला नाही.

मागच्या माघात गावी गेलो होतो. दादानं या वेळी फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेलं कापसाचं पीक, ठेवली नव्हती. पऱ्हाट्या उपटून, रान नांगरून मोकळं केलं होतं, कारण उभ्या पऱ्हाटीतल्या जोडसरकीत, त्या एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्यांत, अळी पुढच्या पावसापर्यंत झोपून राहते हे आता त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी म्हटलं, "बरं केलंस." त्यानं हातातल्या चुन्याच्या डबीनं बांधापलीकडे दाखवलं. शेजारच्या रानात फरदड उभी होती, डोक्यावर आत अळी असलेल्या, न उमललेल्या दोन-चार डोमकळ्या घेऊन.

"मी मोडली," दादा म्हणाला. "पण पतंगाला बांध कळतोय का?"